साखळीतला गडी

रविवार, १२ फेब्रुवारी २०२३. गोरेगावच्या चित्रनगरीतल्या मंचावर सलमान खान दोन तरुणांच्या मधे उभा होता. एका बाजूला अमरावतीचा शिव ठाकरे. दुसऱ्या बाजूला पुण्याच्या ताडीवाला रोडवरच्या वस्तीतून वर आलेला रॅपर एमसी स्टॅन. १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेला हिंदी ‘बिग बॉस’चा सोळावा हंगाम साडेचार महिन्यांनी या दोघांपाशी येऊन थांबला होता. कार्यक्रम हिंदी, प्रेक्षक देशभरातला. पण शेवटी उरलेले दोघंही महाराष्ट्राचे. आणि दोघंही एकाच गटातले. त्या गटाचं नाव तोवर घराघरांत पोचलं होतं : ‘मंडली’.

स्टॅनचं नाव पुकारलं गेलं. शिव दुसरा आला. त्याने स्टॅनला मिठी मारली. आमच्याकडे दिवाणखान्यात मिनिटभर कुणी बोललं नाही. मग आई म्हणाली, “ज्याने सगळ्यांना धरून ठेवलं, त्यालाच सोडलं होय रे?”

आईला ‘बिग बॉस’चे नियम पाठ नाहीत. कोण कुणाला कुठल्या आठवड्यात नॉमिनेट करून गेलं, हेही तिच्या ध्यानात राहत नाही. पण धरणं आणि सोडणं तिला बरोबर कळतं. तिचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. धरून ठेवणाऱ्या माणसाचं अशा खेळात काय होतं? त्याचं मोल कोण करतं, कुठल्या हिशेबाने करतं? या लेखात मी त्याच प्रश्नाचा माग काढला आहे.

अमरावतीचा पोरगा

अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. १९१४ साली सुरू झालेली ही संस्था. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन कबड्डीचं प्रात्यक्षिक दाखवलं होतं. कबड्डी जवळून पाहिलेल्याला ‘साखळी’ समजावून सांगावी लागत नाही. चढाई करणारा गडी आत आला की बचाव करणारे दोघं एकमेकांचा हात धरतात. एकट्याला न आवरणारा गडी साखळीत सापडतो. पण साखळीतल्या एकाने ऐनवेळी हात सोडला, की चढाईवाला नेमका त्याच फटीतून निसटतो. कबड्डीत पकड झाली की गुण संघाच्या नावावर चढतो. हात कुणी घट्ट धरला होता, हे गुणफलकावर दिसत नाही. पण मैदानावरच्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं.

शिव याच गावचा. वडिलांचं पानाचं दुकान. लहानपणी बहिणीबरोबर दूध आणि वर्तमानपत्रं विकल्याचं त्याने स्वतः अनेकदा सांगितलं आहे. पुढे नागपुरात इंजिनिअरिंग केलं, नृत्याचे वर्ग चालवले. २०१७ साली ‘रोडीज रायझिंग’मध्ये रणविजय सिंगच्या गँगमधून तो पहिल्यांदा देशाला दिसला. तिथे गट आयता मिळतो. म्होरक्या तुम्हाला निवडतो, तुम्ही त्याच्या झेंड्याखाली पळता आणि मत देऊन एकमेकांना बाहेर काढता. शिवचा गटबाजीतला पहिला वर्ग तो.

दुसरा वर्ग मराठीत भरला. २६ मे २०१९ रोजी ‘बिग बॉस मराठी’चा दुसरा हंगाम सुरू झाला. सूत्रसंचालक महेश मांजरेकर. इथे गट कुणी नेमून देत नव्हतं. स्वयंपाकघरात, अंगणात, रात्रीच्या कुजबुजीत तो जुळायचा. किशोरी शहाणे, वीणा जगताप आणि रुपाली भोसले यांच्या गटाला नावांच्या आद्याक्षरांवरून ‘केव्हीआर’ म्हणू लागले. शिव त्यांच्या समोरच्या गोटातला. पण त्याचं मन जुळलं ते वीणाशी, म्हणजे समोरच्या गटातल्या मुलीशी. त्याच्या जवळच्यांना ते खटकलं. एक पाय या गोटात, एक त्या गोटात, अशा अवघडलेल्या स्थितीत त्याने कित्येक आठवडे काढले. १ सप्टेंबर २०१९ रोजी नेहा शितोळेला मागे टाकून तो जिंकला.

त्या हंगामात त्याच्या हाती लागलेली शिकवण पुढे फार कामाला आली असं मला वाटतं. प्रेक्षक डावपेच विसरतात. कोण कुणासाठी उभा राहिला ते विसरत नाहीत.

ऑगस्ट २०००चे दोन निकाल

गट करून खेळणं हुशारी की लबाडी, हा वाद या कार्यक्रमांइतकाच जुना आहे. २००० सालच्या ऑगस्टमध्ये सहा दिवसांच्या अंतराने जगाने या प्रश्नाची दोन उत्तरं पाहिली.

पहिलं उत्तर ब्रिटनमधलं. ‘बिग बॉस’ ज्यावरून आला तो ‘बिग ब्रदर’ हा मूळ कार्यक्रम नेदरलँड्सचा. निर्माता जॉन डी मोल, सुरुवात सप्टेंबर १९९९. ब्रिटनमधला पहिला हंगाम पुढच्या उन्हाळ्यात आला. घरात नॉमिनेशनविषयी बोलायला बंदी होती. निक बेटमन नावाचा स्पर्धक चिठ्ठ्यांवर नावं लिहून ती इतरांना दाखवत होता आणि कुणाला बाहेर काढायचं ते सुचवत होता. सोबत्यांना सुगावा लागला. क्रेग फिलिप्सने सर्वांसमोर त्याला जाब विचारला. १७ ऑगस्टला निक घराबाहेर गेला, वर्तमानपत्रांनी त्याला देशाचा खलनायक करून टाकलं आणि जाब विचारणारा क्रेग पुढे विजेता झाला.

दुसरं उत्तर अमेरिकेचं. बोर्निओजवळच्या पुलाऊ तिगा बेटावर ‘सर्व्हायव्हर’चा पहिला हंगाम चित्रित झाला. सोळा माणसं, ३९ दिवस, दहा लाख डॉलरचं बक्षीस. ‘तागी’ आणि ‘पागाँग’ अशा दोन टोळ्या. तागीतल्या रिचर्ड हॅचने रुडी बोश, सू हॉक आणि केली विगल्सवर्थ यांच्याशी संधान बांधलं : चौघांनी दर वेळी एकाच नावावर मत द्यायचं. पागाँगच्या लोकांना हे हीन वाटत होतं. ज्याला जो नको वाटेल त्याचं नाव त्याने द्यावं, हा त्यांचा सरळपणा. दोन्ही टोळ्या एकत्र आल्यावरच्या पहिल्या मतदानात दहा मतं पडली. चार मतं पागाँगच्या ग्रेचेन कॉर्डीवर, उरलेली सहा सहा वेगवेगळ्या नावांवर. चौघांनी सहांना हरवलं, कारण सहा जण सहा दिशांना होते. त्यानंतर पागाँगचे लोक एकामागून एक बेट सोडून गेले.

शेवटी हॅच आणि केली उरले. निकाल द्यायला बसले ते याच दोघांकडून बाहेर काढले गेलेले सात जण. सू हॉकने भर सभेत एकेकाळच्या मैत्रिणीला उंदीर म्हटलं, हॅचला साप म्हटलं, आणि निसर्गाचा नियम सांगून सापाला मत दिलं. हॅच चार विरुद्ध तीन मतांनी जिंकला. २३ ऑगस्टचा तो भाग पाच कोटींहून अधिक अमेरिकनांनी पाहिला.

एकाच महिन्यात ब्रिटनने गट बांधू पाहणाऱ्याला हाकललं आणि अमेरिकेने त्याला लक्षाधीश केलं. ब्रिटिश सज्जन आणि अमेरिकन धूर्त, असा अर्थ यातून काढणं चूक ठरेल. फरक पडला तो मत कुणाच्या हाती होतं यामुळे. बेटावर शेवटचं मत खेळाडूंचं होतं. खेळलेल्या माणसाला दुसऱ्याचा डाव ओळखता येतो. राग गिळून तो डावाला दाद देतो. ब्रिटनच्या घरात शेवटचं मत प्रेक्षकांचं होतं. प्रेक्षक डाव मोजत बसत नाही, तो माणूस जोखतो.

आतलं गणित, बाहेरचं मत

भारतात ‘बिग बॉस’ नोव्हेंबर २००६ मध्ये आला. तो ब्रिटनच्या वळणाचा. नॉमिनेशन आतले लोक करतात, वाचवायचं कुणाला ते बाहेरचे ठरवतात. इथेही नॉमिनेशनविषयी बोलणं हा गुन्हाच, आणि इथेही ते बोलणं कधी थांबलेलं नाही. डोळ्यांनी, बोटांनी, आडवळणाच्या गोष्टींनी नावं ठरतात. पकडले गेले की शिक्षा होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

गटाला आतमध्ये इतकं महत्त्व का, हे साध्या आकडेमोडीत कळतं. घरात बारा जण आहेत आणि प्रत्येकाने दोन नावं द्यायची आहेत असं धरा. एकूण चोवीस मतं. पाच जणांनी आपसांत दोन नावं ठरवली, तर त्या दोघांवर पाच-पाच मतं बसलीच. उरलेल्या सात जणांची चौदा मतं आपापल्या रुसव्याफुगव्यांप्रमाणे विखुरतात. पाचांपैकी कुणावर एक, कुणावर दोन. पुलाऊ तिगा बेटावरचं चाराविरुद्ध सहांचं गणित ते हेच. सात जण एकजूट झाले तर पाचांना धोका, आणि सात माणसांची एकजूट हे मराठी माणसाला काही नव्याने सांगायला नको.

म्हणजे गट तुम्हाला दारापर्यंत जाण्यापासून वाचवतो. पण एकदा दारात उभे राहिलात की पुढचं मत घराबाहेरच्यांचं. तिथे तुमच्या पाच मित्रांचा काही उपयोग नाही. उलट पाचही जण एकदम दारात उभे राहिले तर चाहत्यांची मतंच वाटली जातात. आतला खेळ गटाने जिंकायचा, बाहेरचा एकट्याने. या खेळातली सगळी दुखणी या एका सांध्यातून उठतात.

मराठी हंगामांनी हे दुखणं पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. २०१८च्या पहिल्या हंगामात मेघा धाडे, सई लोकूर आणि पुष्कर जोग हे त्रिकूट रेशम टिपणीस, आस्ताद काळे यांच्या गोटासमोर भिंतीसारखं उभं राहिलं. समोरचा गट विरळ होत गेला तशी भिंतीलाच चीर पडली. मेघा एकीकडे, सई आणि पुष्कर दुसरीकडे. २२ जुलैच्या रात्री मंचावर शेवटचे दोघं उरले ते मेघा आणि पुष्कर. मेघा जिंकली. २०२१च्या तिसऱ्या हंगामात तर ‘ए टीम’ आणि ‘बी टीम’ असेच शब्द रूढ झाले. तिथेही विशाल निकम आणि विकास पाटील यांची घट्ट मैत्री शेवटाकडे जाताना ताणली गेली. विशाल विजेता ठरला. २०२४च्या पाचव्या हंगामात बारामती तालुक्यातल्या मोढवे गावच्या सूरज चव्हाणने करंडक नेला. त्याला डाव आखता येत नव्हता, बोलता बोलता तो अडखळत होता, आणि लोकांनी त्याच्याच बाजूने कौल दिला.

शत्रू समोर आहे तोवर गट टिकतो. शत्रू संपला की गट स्वतःला खायला लागतो. या कार्यक्रमांचा हा जवळजवळ नियम आहे. शिवच्या गटाने तो मोडला, म्हणून त्याची गोष्ट सांगावीशी वाटते.

मंडली कशी जमली

मराठीत ‘मंडळी’ हा शब्द फार घरगुती आहे. सभेत ‘काय मंडळी’ म्हणून हाक मारतात. भजनी मंडळी असते, वऱ्हाडी मंडळी असते, जुन्या पिढीतले लोक बायकोला ‘आमची मंडळी’ म्हणायचे. आणि नाटक मंडळी. किर्लोस्कर नाटक मंडळीतून १९१३ साली बालगंधर्व, गणेश बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली, हा इतिहास आपल्याकडे अजून हळहळून सांगितला जातो. मंडळी जमणं आणि मंडळी फुटणं या दोन्ही गोष्टींचं आपल्याला सारखंच अप्रूप आहे.

सोळाव्या हंगामातल्या मंडलीत सहा माणसं होती. शिव. स्टॅन. चित्रपट दिग्दर्शक साजिद खान. ताजिकिस्तानहून आलेला छोट्या चणीचा गायक अब्दू रोझिक. मालिकांमधली अभिनेत्री निमरित कौर अहलुवालिया. आणि ‘इमली’ मालिकेची नायिका सुंबुल तौकीर खान, जिचा एकोणिसावा वाढदिवस त्याच घरात झाला.

या सहा जणांमध्ये समान काय होतं? भाषा नाही, वय नाही, धर्म नाही, पैसा नाही. स्टॅन पहिल्या काही आठवड्यांत कुणाशी फारसा बोलतच नव्हता. त्याची पुण्याच्या वस्तीतली बोली, ‘अपुन’, ‘हक से’, ‘शेमडी’, हिंदी मालिकांच्या जगात वावरलेल्यांना परकी होती. त्याने एकाहून अधिक वेळा घर सोडून जाण्याची इच्छा बोलून दाखवली. अब्दूला सुरुवातीला हिंदी येत नव्हती. लोक त्याला खेळण्यासारखे उचलून घेत. सुंबुल आधी शालीन भनोत आणि टीना दत्ता यांच्याबरोबर होती. त्या मैत्रीचा बाहेर आणि आत इतका गवगवा झाला, की फोनवर वडिलांचा सल्ला ऐकवण्यापर्यंत गोष्ट गेली आणि त्या सल्ल्याचाही वाद झाला. सगळीकडून बोलणी खाल्लेली ती मुलगी नंतर मंडलीच्या खोलीत येऊन बसली. मंडलीतले बरेच जण कुठे ना कुठे उपरे होते.

उपऱ्यांना एकत्र आणणारा माणूस उपरेपण भोगलेलाच लागतो. शिवची हिंदी वऱ्हाडी वळणाची. हिंदी मनोरंजनाच्या जगात मराठी कार्यक्रमाचा विजेता म्हणजे तालुक्याचा पहिलवान; मोठ्या आखाड्यात त्याला कोण ओळखतो! स्टॅन गप्प बसला की शेजारी जाऊन बसणारा तो होता. स्टॅन आणि शालीन हमरीतुमरीवर आले तेव्हा स्टॅनच्या बाजूने उभा राहणारा तो होता. आणि मंडलीतले दोघं एकमेकांवर रुसले की निरोप इकडून तिकडे नेणाराही तोच.

विरोधकांनी त्याला ‘मास्टरमाइंड’ म्हटलं. ते खोटं नव्हतं. कुणाला कप्तान करायचं, कुणाला नॉमिनेट करायचं, याची जुळवाजुळव तो करायचा आणि ती लपवायचाही नाही. डिसेंबरमध्ये घरातल्यांच्या मतांवर अंकित गुप्ता बाहेर गेला, तेव्हा मंडलीची एकजूट त्याची मैत्रीण प्रियंका चहर चौधरी हिला चांगलीच लागली. आत भावनेने जमलेला गट बाहेरून कसा दिसतो, हे प्रियंकाच्या जागेवर बसल्यावर कळतं. सहा माणसं एका पलंगावर हसत बसली आहेत, तुम्ही आत पाऊल टाकलंत आणि हसणं थांबलं. उब आतल्यांना मिळते, भिंत बाहेरच्यांना दिसते.

वैर

शिवचं सगळ्यात गाजलेलं वैर अर्चना गौतमशी. मेरठची ही मुलगी २०२२च्या उत्तर प्रदेश निवडणुकीत हस्तिनापूरमधून काँग्रेसची उमेदवार होती. घरात तिचा गट असा नव्हताच. एकटी, मोठ्या आवाजाची, स्वयंपाकघरातल्या आल्याच्या तुकड्यावरूनही भांडू शकणारी.

नोव्हेंबरमध्ये एका भांडणात शिवने तिला तिच्या राजकारणावरून डिवचलं. तिने त्याचा गळा धरला. घरात मारहाणीला जागा नाही, हा पहिला नियम. त्याच रात्री तिला बाहेर काढण्यात आलं. पण शनिवार-रविवारच्या भागात सलमानने शिवलाही फैलावर घेतलं. तिची दुखरी नस कुठली हे ठाऊक असताना मुद्दाम तिथेच बोट ठेवलं, असा त्याच्यावर ठपका होता. अर्चना घरात परत आली.

शिवच्या चाहत्यांना हा अन्याय वाटला. मला तसं वाटलं नाही. हाताने केलेल्या हिंसेला शिक्षा झालीच पाहिजे. पण गटाचं पाठबळ असलेला माणूस एकट्या माणसाला शब्दांनी कोपऱ्यात रेटतो, तेव्हा त्याच्या शब्दाचं वजन सहापट असतं. शिव त्या दिवशी चुकला होता. त्याचं कौतुक करणाऱ्या आपण मराठी माणसांनी ते मान्य करायला हवं.

पुढच्या तीन महिन्यांत ते दोघं शंभरदा भांडले, मधेच हसले, पुन्हा भांडले. अंतिम पाचांत दोघंही होते. शालीन पाचवा, अर्चना चौथी, प्रियंका तिसरी. गळा धरणारी आणि जिचा त्याने अंत पाहिला होता ती अर्चना शेवटच्या रात्रीपर्यंत टिकली, ती एकटी खेळून. वैऱ्यांनी एकमेकांना मोठं केलं असंही म्हणता येईल. शिवची मंडली दिसली ती अर्चना आणि प्रियंका समोर उभ्या होत्या म्हणून.

मैत्रीची झाकली मूठ

मंडलीविषयी लिहायचं आणि साजिद खानवर गप्प बसायचं, हे मला जमणार नाही. २०१८ साली ‘मी टू’ चळवळीत अनेक स्त्रियांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले होते. ते त्याने नाकारले. पण दिग्दर्शकांच्या संघटनेने त्याला वर्षभरासाठी निलंबित केलं होतं. चार वर्षांनी तो या घरात आला, तेव्हा दिल्ली महिला आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षा स्वाती मालिवाल यांनी केंद्रीय मंत्र्यांना पत्र लिहून आक्षेप घेतला. तरीही तो जानेवारीपर्यंत राहिला आणि स्वतःच्या कामासाठी सन्मानाने निघाला. निघताना घर रडलं.

ते रडणं खोटं नव्हतं. शिव आणि स्टॅनला त्याच्यात थोरला भाऊ दिसत होता. पण टीव्हीवर साडेतीन महिने एखादा माणूस मुलांचे डोळे पुसताना दिसला, की प्रेक्षकांच्या मनात आधीची पाटी पुसली जाते. ज्यांनी आरोप केले त्या स्त्रियांना ना ते घर मिळालं, ना तो पलंग, ना ती मंडली. गट आपल्या माणसाला प्रश्न विचारत नाही, यातच त्याचं बळ असतं. त्याचा धोकाही तोच. आपल्या गल्लीतली मंडळं, पक्ष, साहित्यसंस्था, नाट्यसंस्था आठवा. ‘तो आपला आहे’ या तीन शब्दांखाली किती काय झाकलं जातं! शिवच्या निष्ठेचं मोल मी कमी लेखत नाही. पण निष्ठा आंधळी झाली की तिचा भार नेहमी तिसऱ्याच कुणाच्या डोक्यावर पडतो, हे लिहून ठेवणं मला भाग आहे.

हात सुटला नाही

जानेवारीत साजिद आणि अब्दू गेले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुंबुल गेली, मग अंतिम रात्र अगदी तोंडावर आली असताना निमरित. सहांतले दोघं उरले. आता नियमाप्रमाणे गटाने स्वतःला खायची वेळ आली होती. समोर अर्चना, प्रियंका आणि शालीन होते खरे, पण मतांच्या दृष्टीने शिवचा अवघड प्रतिस्पर्धी स्टॅनच होता. महाराष्ट्रातली मतं दोघांचीही. मंडलीचा चाहता दोघांचाही. अमरावती एका बाजूला, पुण्यातल्या वस्त्या आणि देशभर पसरलेले रॅपचे तरुण श्रोते दुसऱ्या बाजूला. एका मोबाइलवरून मत जाणार ते एकालाच.

शेवटच्या आठवड्यात मित्राला चार शब्दांनी खाली ओढणं शिवला शक्य होतं. स्टॅन कितीदा घर सोडून जायला निघाला होता, त्याला कुणी सावरलं, हे त्याने कॅमेऱ्यासमोर मोजून दाखवलं असतं तरी ते खोटं ठरलं नसतं. हॅचने ते केलं असतं. बेटावर अखेरच्या स्पर्धेतून तो मुद्दाम बाजूला झाला होता, म्हणजे रुडीला काढण्याचं पाप केलीच्या माथी बसावं. डाव म्हणून ते अचूक होतं. शिवने तसं काही केलं नाही. निकालानंतरही ट्रॉफी मंडलीतच राहिली, याचंच समाधान त्याने बोलून दाखवलं.

स्टॅनला ३१ लाख ८० हजार रुपये आणि गाडी मिळाली. बक्षिसाची रक्कम हंगामाच्या सुरुवातीला ५० लाख होती. घरातल्या खेळांत ती घटत-वाढत इथवर आली होती. वाहिनी मतांचे आकडे जाहीर करत नाही, त्यामुळे किती मतांनी शिव मागे पडला हे प्रेक्षकाला कळत नाही. स्टॅनच्या विजयात कमीपणा नाही. वस्तीत वाढलेला, मुखवटा न लावता वावरलेला तो मुलगा, लोकांनी त्याला उचलून धरलं. पण तो मंचावर पोचला त्या वाटेवर ज्याचा हात होता, त्या हातासाठी बक्षिसात रकाना नाही. या खेळाच्या गुणफलकावर संघच नसतो.

आणि मंडलीचं पुढे काय झालं? काही आठवड्यांतच अब्दू आणि स्टॅन यांच्यातलं बिनसलेलं उघड झालं. वर्तमानपत्रांनी ‘मंडली फुटली’ म्हणून मथळे दिले. शिव पुढच्या कार्यक्रमांना लागला. ‘खतरों के खिलाडी’, मग ‘झलक दिखला जा’. बंद घरात जुळलेली नाती उघड्या हवेत टिकतातच असं नाही. साडेचार महिने ज्यांना ना फोन होता, ना घड्याळ, ना दुसरा कुठला माणूस, त्यांच्या मैत्रीने जन्मभर पुरावं ही अपेक्षाच जास्त आहे. नाटक मंडळ्याही फुटल्याच की. म्हणून त्यांनी एकत्र उभी केलेली नाटकं खोटी ठरत नाहीत.

आईच्या प्रश्नाकडे परत येतो. धरून ठेवणाऱ्यालाच सोडलं का? मला आता वाटतं, प्रश्नात एक चूक होती. लोकांनी शिवला सोडलं नाही. अनोळखी गावचा, वऱ्हाडी हिंदी बोलणारा मुलगा त्यांनी साडेचार महिने सांभाळला आणि शेवटच्या दोघांत आणून उभा केला. त्यांना फक्त एकच नाव निवडायची मुभा होती. साखळी दोघांची होती. यंत्राला एकच माणूस मोजता येत होता.

परवा आईला हे सगळं वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण त्याने हात सोडला नाही ना शेवटपर्यंत?”

नाही सोडला, मी म्हणालो.

“मग झालं तर,” आई म्हणाली, आणि पुढचा लाडू वळायला घेतला.